चाच्यांच्या नावेतली सोयरीक

"होडीत बसून जेवायचं?" उराझगुल दारातच थबकली.

अक्ताऊ शहराच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या हॉटेलात प्रत्येक टेबल एका रंगीत होडीत मांडलं होतं. कुठली पिवळीजर्द, कुठली गुलाबी, कुठली पोपटी. छताला भलाथोरला जांभळा ऑक्टोपस टांगलेला आणि त्याच्या एकेका हातात एकेक दिवा. वाढपी पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घालून, एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून समुद्री चाचे झाले होते.

"आई, चल ना, सगळे बघतायत," मादियार कुजबुजला.

"बघू देत. मी सोयरीक करायला आलेय, जत्रेला नाही."

नवरा गेल्यावर उराझगुलनं उंटिणींचं दूध विकून या एकुलत्या एका पोराला वाढवलं होतं. आज तिच्या पर्समध्ये चांदीची कर्णफुलं होती. मुलाच्या आईनं ती मुलीच्या कानात घातली की लग्न ठरलं. पण हे सगळं व्हायचं ते मुलीच्या घरी, वडीलधाऱ्यांसमोर, पाहुण्यांपुढे मेंढ्याचं उकडलेलं डोकं ठेवून! विहिणीनं हॉटेलात बोलावलं तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. कर्णफुलं आल्या पावली परत न्यायची, असं तिनं शेत्पे गावाहून येताना बसमध्येच ठरवून टाकलं होतं.

पिवळ्या होडीतून कलामकास लगबगीनं उठली. शाळेत गाणं शिकवणारी, सडपातळ बाई. शेजारी तिची मुलगी तोलगानाय लाजून उभी होती.

"या, विहीणबाई, सांभाळून. होडी जरा डुलते."

"अजून विहीण झाले नाही मी," उराझगुल म्हणाली आणि काठाला घट्ट धरून बसली.

मुलं समुद्र बघायला सज्जात गेली, तसं तिनं सरळच विचारलं, "घर नाही का तुम्हाला?"

कलामकासचा चेहरा उतरला. तिनं रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"आहे की. पण घरी बोलवायचं म्हणजे माझे दीर-जावा आले. त्यांनी तुमच्यासमोर सगळं उगाळलं असतं. तोलगानायचे वडील आम्हाला सोडून गेले. दुसरा संसार आहे त्यांचा. पोरीच्या आनंदाच्या दिवशी ते नको होतं मला. इथं आम्हाला कुणी ओळखत नाही."

"मग हे मला फोनवर नाही सांगायचं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता तर?"

उराझगुलनं काठाला धरलेला हात सैल केला. एकट्या बाईच्या दारात सोयरे कसे नजर फिरवत बसतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात मुलं परतली आणि एका चाच्यानं मोठ्या थाळीत अख्खा भाजलेला मासा आणून ठेवला. कलामकासनं दोन्ही हातांनी थाळी फिरवली आणि माशाचं डोकं उराझगुलकडे केलं.

"मेंढा नाही जमला. गोड मानून घ्या."

उराझगुलनं सुरी उचलली. गालाचा मऊ तुकडा काढून तिनं आधी कलामकासच्या ताटात ठेवला. मग सुरी तशीच धरून ती माशाकडे बघत राहिली.

"आता रीतीप्रमाणे मेंढ्याचा कान द्यायचा सगळ्यात धाकट्याला, म्हणजे थोरांचं ऐकेल. याला कान कुठायत?"

"नाहीत, मावशी," तोलगानाय हळूच म्हणाली.

"म्हणजे तू माझं ऐकणार नाहीस!"

"निम्मं ऐकेन."

मादियारनं दचकून आईकडे पाहिलं. मग उराझगुलला असं हसू फुटलं की होडी डुलायला लागली आणि कलामकासनं घाईघाईनं थाळी धरली.

"इकडे ये," डोळे पुसत उराझगुल म्हणाली. "कानच हवेत ना, तुझे आहेत की." आणि तिनं पर्स उघडून कर्णफुलं पोरीच्या कानात घातली. शेजारच्या गुलाबी होडीतल्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"लग्न मात्र माझ्या अंगणात," ती खाताखाता म्हणाली. "तुमच्या दीर-जावांनाही आमंत्रण द्या."

"पण ते बोलतील..."

"बोलू देत. माझ्याशेजारी बसवते त्यांना. बघू किती बोलतात!"

कलामकास कितीतरी वेळानं मोकळं हसली. चाच्यानं चहाची किटली आणली, ती तिनं त्याच्या हातातून घेतली. विहिणीचा पेला तिनं अर्धाच भरला, पुन्हा पुन्हा मागावा म्हणून. बाहेर ऊन कलत होतं. उराझगुलनं दोन घोटांत चहा संपवला आणि पेला पुढे केला.