वर्तुळाबाहेरचे छत्तीस अंश

पेंटरला सगळं जमायचं, एक गणित सोडून. मोकळ्या हाताने असं वर्तुळ काढायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पण त्याचे भाग करायचे म्हटलं की बोंब. शाळेत गणिताच्या बाईंनी त्याला शंभरात सात मार्क दिले होते. आणि नशिबाची खोडी बघा, पुढे तो त्याच बाईंच्या मुलीच्या प्रेमात पडला. लग्न झालं, बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडे राहायला आल्या. म्हणजे ज्या बाईंच्या धाकाने पठ्ठ्याने शाळा सोडली, त्या आता रोज समोर बसून जेवत होत्या. तो त्यांना अजून 'बाई'च म्हणायचा. त्याही एरवी 'जावईबापू, तुम्ही' करायच्या, पण आकड्यांची गोष्ट निघाली की थेट 'तू'वर यायच्या.

पेंटर बस डेपोत कामाला होता. गाड्यांचे नंबर, मार्गांच्या पाट्या, 'येथे थुंकू नये', सगळं त्याच्याच हातचं. एकोणीस वर्षं रोजंदारीवर. कायम व्हायची फाईल या वर्षी कुठे डेपो मॅनेजरच्या टेबलापर्यंत पोचली होती आणि तिथे एका सहीसाठी अडली होती. बायको त्याच डेपोत बस चालवायची. ती कायम होती, आणि हे ती महिन्यातून एकदा तरी बोलून दाखवायची.

सोमवारी मॅनेजरसाहेबांनी त्याला बोलावून एक कागद दिला.

"गुरुवारी हेड ऑफिसच्या मॅडम येतायत. फाटकाजवळच्या भिंतीवर मोठा गोल काढ, चार तुकडे कर, रंग भर. गेल्या वर्षी गाड्या कशाकशाने बंद पडल्या ते त्यांना एका नजरेत दिसलं पाहिजे. ज्याचा तुकडा मोठा, त्याची मॅडम काही खैर ठेवत नाहीत."

कागदावर साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: चालकांचा निष्काळजीपणा चाळीस टक्के, खराब रस्ते वीस, इतर पंधरा, जुने सुटे भाग पस्तीस.

पेंटरने भिंतीत खिळा ठोकला, सुतळी बांधली, खडू फिरवला. वर्तुळ एकदम फर्स्टक्लास. मग तुकडे अंदाजाने. पाट्या रंगवणाऱ्यांची एक जुनी खोड असते: सुरुवातीची अक्षरं ऐसपैस काढायची आणि जागा संपत आली की उरलेली दाबून बसवायची. त्याने तेच केलं. चालक ऐसपैस, रस्ते ऐसपैस, इतरही बऱ्यापैकी, आणि जुने भाग आपले उरल्या जागेत अंग चोरून. साहेब लांबूनच बघून म्हणाले, "वा!" खरं तर तिथेच पेंटरला शंका यायला हवी होती.

संध्याकाळी बाईंनी तो कागद बघितला.

"अंदाजाने? वृत्तालेख तू अंदाजाने काढलास?" त्यांनी कागदावर ताट उपडं घातलं आणि पेन्सिलने गोल गिरवला. "पूर्ण गोल किती अंशांचा?"

"तीनशे साठ."

"चला, तेवढं तरी डोक्यात राहिलंय. म्हणजे शंभर टक्के बरोबर तीनशे साठ अंश. मग दहा टक्के?"

पेंटरने छताकडे बघितलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"छत्तीस!" बायको आतून ओरडली.

"तू गप्प बस, कॉपी चालणार नाही! हं, दहा टक्क्यांना छत्तीस अंश. मग चाळीसला?"

"चार वेळा छत्तीस," पेंटर बोटांवर मोजत म्हणाला. "एकशे चव्वेचाळीस." आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. वीसला बहात्तर निघाले. पंधराला छत्तीस आणि त्याचे निम्मे अठरा, मिळून चोपन्न. पस्तीसला एकशे सव्वीस. घड्याळात बारा असतात तिथून एक सरळ रेघ मारली, कोनमापक ठेवला, एकेक कोन मोजत निघाला. तीन तुकडे झक्कास बसले. चौथ्याला जागा उरली नव्वद अंश. हवे होते एकशे सव्वीस.

त्याने खोडलं, पुन्हा मोजलं. नव्वदच. तिसऱ्यांदा मोजलं. नव्वद! त्याचे कान लाल झाले. चाळिशी उलटलेल्या माणसाने पेन्सिल खाली ठेवली, अगदी शाळेत ठेवायचा तशी.

"मला नाही जमत, बाई. सात मार्कांचा माणूस मी."

"आकडे बेरजेला घे," बाई म्हणाल्या. "वर्तुळाला हात लावायच्या आधी बेरीज करायची असते. हे तेव्हाही सांगितलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतास."

त्याने बेरीज केली. "एकशे दहा."

"शंभरात एकशे दहा! अरे, तुझे सात तरी शंभराच्या आत होते."

बायको हात पुसत बाहेर आली, कागद उचलला आणि भडकलीच. "चालक चाळीस? डेपोच्या बिघाडांच्या वहीत तीस आहेत! वर्षभरात शंभर गाड्या बंद पडल्या, त्यातल्या तीस आमच्या चुकीने. ते मान्य आहे आम्हाला. हे वरचे दहा कुठून आले?"

कुठून आले ते तिघांनाही कळलं. सुटे भाग विकत घेणं साहेबांच्या हातात. खरे आकडे टाकले तर सगळ्यात मोठा तुकडा जुन्या भागांचा, म्हणजे साहेबांचा. चालकांवर दहा चढवले की मोठा तुकडा चालकांचा. पण एकाचे वाढवले की दुसऱ्या कुणाचे तरी कमी करावे लागतात, एवढं साहेबांच्या लक्षात राहिलं नव्हतं. चोरी करायची तर बेरीज तरी यावी ना माणसाला!

दुसऱ्या दिवशी पेंटर केबिनमध्ये गेला. "साहेब, बेरीज एकशे दहा होतेय. तुकडे बसत नाहीत."

"मग बसव की दाबून. पाट्यांवर अक्षरं दाबतोस ना? तसेच जुने भाग दाब. सोमवारी किती छान काढलं होतंस!" साहेबांनी त्याच्या फाईलवर बोटांनी टकटक केलं. "आणि ही इथेच आहे बरं का. शुक्रवारी बघू म्हणतो."

पेंटर गुमान भिंतीपाशी येऊन बसला. सही हवी होती त्याला, जीव तोडून हवी होती. आणि अक्षरं तर त्याने आयुष्यभर दाबली होती. पण अक्षर दाबलं तरी वाचता येतं, त्याने कुणाचं काही जात नाही. इथे एकाला दाबलं की दुसरा फुगतो. आणि फुगणार होती त्याची बायको आणि तिच्यासारखे सगळे. त्या चांडाळ साहेबाला त्याने मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की भिंतीवर लिहिल्या असत्या तर जागा पुरली नसती.

घरी बायको म्हणाली, "फाईल तुझी आहे, तू ठरव. मी एक शब्द बोलणार नाही." आणि पुढचा तासभर बोलत राहिली.

बुधवारी त्याने धूळ बसू नये म्हणून भिंतीवर ताडपत्री टांगली आणि आत शिरून रंगवत बसला. बाईंचा कोनमापक खिशात होता.

गुरुवारी मॅडम आल्या. साहेबांनी हसत हसत ताडपत्री ओढली, आणि हसू तिथेच थिजलं.

वर्तुळ सुरेख होतं. चालक एकशे चव्वेचाळीस अंश, रस्ते बहात्तर, इतर चोपन्न, जुने भाग लाल रंगात नव्वद. आणि वर्तुळाच्या बाहेर, पाण्याच्या नळाशेजारी, त्याच लाल रंगाचा एक टोकदार तुकडा एकटाच. खाली टपोऱ्या अक्षरात: 'जुने सुटे भाग (उरलेले)'.

"हा बाहेर कसा?" मॅडमनी विचारलं.

"पेंटर आहे हो तो, गणितात कच्चा," साहेब घाईने म्हणाले.

"खरंय, मॅडम. शंभरात सात," पेंटर म्हणाला. एकदा जीभ सुटली ती सुटलीच. "म्हणून तर तीनदा मोजलं. वर्तुळात तीनशे साठ अंश मावतात आणि साहेबांच्या कागदावर तीनशे शहाण्णव आहेत. वरच्या छत्तीसांना जागा नव्हती. टाकून कसे द्यायचे? साहेबांचे आकडे आहेत." आणि त्याने खिशातून कागद काढून दिला.

मॅडमनी उभ्याउभ्या बोटाने बेरीज केली. मग शांतपणे वही मागवली. वहीत चालक तीसच होते. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"चालकांचा तुकडा एकशे आठ अंशांचा करा आणि जुने भाग पूर्ण आत घ्या," मॅडम पेंटरला म्हणाल्या. "बाहेरचा मात्र राहू दे. पुसायचा नाही."

चालक वाचले. पेंटरची फाईल मात्र शुक्रवारी टेबलावरून खणात गेली आणि खणाला कुलूप लागलं. साहेबांना वरून खरमरीत पत्र आलं, पण खुर्ची गेली नाही. म्हणजे विसावं वर्षही रोजंदारीवरच. पेंटर दोन दिवस नीट जेवला नाही. बायकोने कायम असल्याचं एकदाही बोलून दाखवलं नाही, यावरून काय ते समजा.

रविवारी बाई म्हणाल्या, "चला जावईबापू, भिंत दाखवा." शाळेतला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक काखेत मारून त्या डेपोत गेल्या, आणि चष्मा सावरत एकेक कोन तपासला. बाहेरचा तुकडाही मोजला. बरोबर छत्तीस. मग कोनमापक भिंतीला टेकवून ठेवला.

"तुला सात दिले होते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा बोलावून विचारायला हवं होतं की बाबा, अडलं कुठे? मी विचारलं नाही. चुकलंच माझं."

पेंटर नळाशी जाऊन उगाच हात धुवू लागला. "मग आता किती देताय, बाई?"

"शंभरात एकशे दहा," बाई म्हणाल्या. "बसत नसतील तर वरचे दहा बाहेर काढ."