कड्यांना तेल नको

आमच्या नुंगंबाक्कमच्या घरात हॉलच्या मधोमध झोपाळा आहे. घर भाड्याने घेतलं तेव्हा घरमालकांनी तमिळमध्ये एकच अट घातली होती, ऊंजल काढायचा नाही. ऊंजल म्हणजे झोपाळा हे कळायच्या आधीच माझा भाऊ विजयकुमार मान डोलावून मोकळा झाला. सोफ्याला जागा उरली नाही म्हणून क्षमा, माझी वहिनी, बरेच दिवस धुसफुसत होती. मला मात्र तो पहिल्या दिवसापासून आवडला. जाड फळी, पितळी कड्या, आणि मागे जाताना एक, पुढे येताना दुसरा, असे दोन निराळे आवाज.

विजयकुमार ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात, क्षमा एग्मोरला रेल्वेच्या ऑफिसात. दोघं सकाळी बाहेर पडली की घरात मी आणि माझा भाचा, तन्मय. मी लग्न केलं नाही आणि भावाकडे राहिले, याबद्दल कुणाला काही म्हणायचं असेल तर माझ्यासमोर म्हणावं. तन्मयला मी याच झोपाळ्यावर मांडीवर घेऊन झोपवलं. झोका थांबला की पठ्ठ्या डोळे टक्क उघडायचा, म्हणून दुपारभर माझा एक पाय फरशीला रेटे देत असायचा.

आता तो मिशा फुटलेला घोडा आहे. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसायचं म्हणून घरीच अभ्यास करतो. म्हणजे दार लोटून, कानावर भलेमोठे हेडफोन चढवून खोलीत बसतो. जेवायला हाक मारली तर मोबाइलवर अंगठा पाठवतो. भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी अंगठाच. अभ्यास कसा चाललाय, हे मी रोज न चुकता विचारायची, आणि त्याला तर अंगठासुद्धा येत नसे.

एके दुपारी कड्यांची कुरकुर फारच वाढली असं वाटलं, म्हणून मी वाटीत खोबरेल घेऊन स्टुलावर चढले. तोच खोलीचं दार धाडकन उघडलं.

"अय्यो, वेण्डाम! आत्या, कड्यांना तेल नको!"

इतकं लांबलचक वाक्य मी त्याच्या तोंडून कित्येक दिवसांनी ऐकत होते. घाबरला की तो आधी तमिळमध्ये घाबरतो, मग मराठीत. मी वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. मग त्याने सगळं सांगितलं. छताच्या हुकाला जे काळं बोंड लटकत होतं, आणि ज्याला मी डासांचं यंत्र समजून रोज मनोभावे पुसत होते, तो माइक होता. दुपारी मी झोपाळ्यावर बसले की कड्यांचा आवाज थेट इंटरनेटवर जायचा. जगभरातली झोप न येणारी मुलं तो ऐकत पडून राहायची.

"म्हणजे माझं घोरणंही?"

"ते सगळ्यांना जास्त आवडतं."

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. न विचारता माझा आवाज चव्हाट्यावर मांडतोस, लाज नाही वाटत? त्याने मान खाली घातली आणि ते पान माझ्याही मोबाइलवर लावून दिलं. खाली इंग्रजीत लोकांनी काय काय लिहिलं होतं! कोरियातली रात्रपाळी करणारी एक मुलगी म्हणत होती की ती बऱ्याच दिवसांनी औषधाशिवाय झोपली. ब्राझीलमधल्या कुणीतरी विचारलं होतं, ही बाई गुणगुणते ते गाणं कोणतं? गाणं कसलं, वाणसामानाची उजळणी करत होते मी. राग कुठल्या कुठे गेला. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

मग माझ्या दुपारी बदलल्या. मी मुद्दाम काचेच्या बांगड्या घालून बसू लागले. दोन वाजून गेले की समुद्रावरचा वारा गल्लीत शिरतो, पडदे फुगतात, भिंतीवरचा उजेड हलायला लागतो. मी पायाने रेटा द्यायची आणि डोळे मिटायची. एक झोका जायचा तो थेट कोरियात. तिथल्या त्या मुलीच्या खोलीत शिरून मी तिचं पांघरूण नीट करायची. परतीच्या झोक्याला दुसरंच कुठलं तरी गाव, उशाशी पुस्तक उपडं टाकून झोपलेला कुणी मुलगा. त्याचा दिवा मी मालवायची. कुणाची भाषा मला येत नव्हती आणि कुणाला माझं नाव ठाऊक नव्हतं, तरी साऱ्या जगाची पोरं माझ्या फळीवर मावायची. जाग आली की आपण नुंगंबाक्कममध्येच आहोत, हे पटायला थोडा वेळ लागायचा.

पण अशा जागेपणी समोर तन्मयचं बंद दार दिसायचं. सगळ्या जगाच्या खोल्यांत मी शिरत होते, फक्त या एका सोडून. हा ऐकतो का मला? झोका थांबला तर डोळे उघडणारा तो पोर आत कुठे आहे का अजून? हे एकदा मनात आलं ते आलंच.

म्हणून एका दुपारी मी झोपाळा थांबवला. दोन्ही पाय फरशीवर घट्ट टेकले, बांगड्या मुठीत धरल्या आणि बसून राहिले. घर एकदम गप्प झालं. मोबाइलवर मात्र ओळी यायला लागल्या. काय झालं? त्या थांबल्या का? कुणीतरी जाऊन बघा ना. कोरियातली ती मुलगी तर परत परत तेच लिहीत होती. आणि चार पावलांवरचं दार काही उघडत नव्हतं. मी वाट पाहिली. पडदे फुगले, निवले. मला रडू आलं. अनोळखी पोरींना माझी काळजी, आणि ज्याच्यासाठी माझी तंगडी आयुष्यभर दुखली त्याला पत्ता नाही!

पदराने डोळे पुसले आणि तणतणत आत गेले. तन्मय पलंगावर डोळे मिटून पडला होता. पुस्तकं कोपऱ्यात, त्यांच्यावर धूळ. चेहरा मात्र इतका निवांत, की ओरडायचं मी विसरूनच गेले. वाकून त्याच्या कानावरचे हेडफोन काढले आणि स्वतःच्या कानाला लावले.

खट. मग काहीतरी सरपटल्यासारखं. मग पुन्हा खट. मध्येच कुणा म्हाताऱ्या बाईचा खोकला, आणि दूर भुंकणारं कुत्रं.

"हे काय आहे?"

तो दचकून उठून बसला. "एलियासच्या आजीचा हातमाग. फिनलंडला राहतो तो. आजी जुन्या कपड्यांच्या सतरंज्या विणते. तो रात्रभर जागतो आणि सकाळी झोपताना तुला ऐकतो. मी तिला ऐकतो."

"आणि आपापल्या घरातल्या बाईला कोण ऐकणार?"

तो नखं कुरतडत बसला.

"आत्या, तुझा आवाज ऐकला की वाटतं, आता तू विचारशील. ती आजी काही विचारत नाही."

हेडफोन माझ्या कानावरच होते. त्यात ती बाई आपली खट-खट विणत होती, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. कुणी काही मागत नव्हतं, कुणी काही सांगत नव्हतं. मी पलंगाच्या कडेला टेकले. डोळे मिटायलाच लागले होते, इतक्यात माग थांबला.

मी वाट पाहिली. खट नाही, खोकला नाही.

"तन्मय, ती थांबली रे!"

"थांबते कधीकधी."

"कधीकधी काय? म्हातारी बाई आहे, एकटी बसलेली. लिही त्या एलियासला. म्हणावं, ऊठ, ते कानातलं काढ आणि पलीकडच्या खोलीत जाऊन आजीला बघ. लिही लवकर!"

तो लिहायला लागला. बोटं भराभर चालली होती, ती अर्ध्यात अडली. त्याच्या मोबाइलवर एलियासचा निरोप मघाशीच येऊन पडला होता, त्याने आत्ता पाहिला. इंग्रजीत होता, मीही खांद्यावरून वाचला. झोपाळा कधीचा थांबलाय. तुझी आत्या बरी आहे ना? प्लीज, जाऊन बघ.

तन्मयने तो वाचला. मग स्वतःचा अर्धा लिहिलेला निरोप वाचला. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी मी आत्ताच दारातून आल्यासारखं.

"तू का थांबली होतीस?"

"तू येतोस का ते बघायला."

"मी नाही आलो," तो म्हणाला.

"नाही आलास."

त्याने निरोप पुरा करून पाठवला. जरा वेळाने उत्तर आलं, आजी कॉफी करायला उठली होती आणि नातू दारात दिसल्यावर घाबरलीच. मी देवाला हात जोडले आणि बाहेर येऊन पुन्हा झोपाळ्यावर बसले.

मागोमाग तन्मय आला. कान मोकळे होते. स्टूल ओढून तो वर चढला, हुकाचा माइक काढला आणि बंद करून टेबलावर ठेवला. माझी झोपलेली सगळी माणसं त्या क्षणी कुठे गेली कुणास ठाऊक. मग तो फळीवर आडवा झाला आणि डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. त्याचे पाय आता मावत नाहीत, पलीकडे लोंबतात.

"आत्या, मला नाही व्हायचं डॉक्टर. मी महिनोन् महिने पुस्तक उघडलेलं नाही. बाबांना सांगायचं धाडस नाही होत."

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं. मग करणार काय, आधी का नाही बोललास, क्षमाला मी काय तोंड दाखवू. ते सगळं मी गिळलं आणि पायाने फरशीला रेटा दिला. दोघांच्या वजनाने कड्यांचा आवाज जरा जाड झाला होता. पडदा फुगला, भिंतीवरचा उजेड हलला. त्याच्या केसांत हात घातला तेव्हा त्याचे डोळे मिटलेलेच होते.

थोड्या वेळाने, झोप लागली की काय हे पाहायला मी पाय उचलून धरला. झोका मंदावत गेला.

त्याने डोळे टक्क उघडले.