वहीतली ओळ

नाटक कंपनीत त्यांना सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. ताई प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहितेची जाडजूड वही उघडी ठेवायची आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, हे त्यांचं काम. पूर्वी त्या स्वतः भूमिका करायच्या. घशाच्या दुखण्यात आवाज बसला तो बसलाच, उरली फक्त कुजबुज. तेव्हा कंपनीचे मुख्य नट, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते म्हणाले की आपल्याला कुजबुजच तर हवी आहे, आणि त्यांनी ही जागा ताईंना दिली.

त्याला सव्वीस वर्षं झाली होती. तालमीत झालेला प्रत्येक बदल, कुणी सांगितला आणि कधी, हे ताई समासात पेन्सिलीने टिपून ठेवत. वाद झाला की दिग्दर्शक म्हणायचे, तोंडाची वाफ दवडू नका, वही बघा. वही उघडली की वाद मिटे. वहीत आहे ते खरं, असं होऊन बसलं होतं.

त्या वर्षी कंपनीने एक शोकांतिका बसवली. त्यातल्या न्यायाधीशावर वरून दडपण येतं, की एका निरपराध माणसाला दोषी ठरवणाऱ्या निकालावर सही कर. तो करत नाही. नोकरी जाते, घर जातं, लोक तोंड फिरवतात आणि शेवटी तो विष घेतो. न्यायाधीश अर्थात दादा. त्याच्या मुलीचं काम एक नवी, गुणी नटी करत होती. रंगमंचाच्या मधोमध एक उंच जिना होता. तो कंपनीच्या सुताराने, मिस्त्रींनी, बांधला होता. साठी उलटलेला, मोजकं बोलणारा माणूस. खिळा ठोकायच्या आधी लाकडावरून बोट फिरवायची त्यांना सवय होती.

जिन्याखाली आधाराला एक आडवा दांडा होता. तिसऱ्या अंकात दादांना जिन्याखालून पुढे यायचं असे आणि दांड्यामुळे वाकावं लागे. हा न्यायाधीश कुणापुढे वाकत नाही आणि इथे एका लाकडापुढे वाकतो, हे दादांना खटकायचं. रंगीत तालमीत त्यांनी दांडा काढायला लावला. मिस्त्रींनी काढला, पण प्रयोगाला परत बसवीन असं बजावलं. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडायच्या आधी ते दांडा घेऊन आले, तर दादांनी हात आडवा केला. मिस्त्री म्हणाले की मुलगी धावत खाली येते, जिना झेलणार नाही. दादा म्हणाले, मी सांगतोय ना, राहू दे. ताई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या, दुसरं कुणी जवळ नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे लिहिलं: दांडा बसवू नये, दादा. मिस्त्रींची हरकत.

तिसऱ्या अंकात जिना मधोमध खचला आणि मुलगी त्याच्यासकट खाली आली. प्रेक्षकांना क्षणभर तो नाटकाचाच भाग वाटला. तिचं कमरेचं हाड मोडलं. जीव वाचला, पण पुन्हा रंगमंचावर उभं राहणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

थिएटरच्या विश्वस्तांनी चौकशी लावली. चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मॅनेजर ताईंच्या खोलीवर आले. सोबत दादा. दादा खिडकीशी उभे राहिले. मॅनेजरच बोलत होते. दादांचं नाव यात आलं तर नाटक बंद पडेल, कंपनी उठेल, पस्तीस माणसं रस्त्यावर येतील. मिस्त्रींचं काय, ते आज ना उद्या घरी बसणारच होते. विसरले म्हणायचं. या वयात विसरतो माणूस.

ताईंनी दादांकडे पाहिलं. "दादा, तुम्ही सांगा. काय लिहू?"

दादा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "ताई, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

ते खरंच होतं. ताईंनी रबर घेतलं. पेन्सिलीची ओळ सहज गेली. त्या जागी त्यांनी आपल्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: दांडा परत बसवावा, दादा. मिस्त्रींना सांगितले.

चौकशी पाऊण तासात आटोपली. अधिकाऱ्याने वही वाचली आणि मिस्त्रींना विचारलं की तुम्हाला सांगितलं होतं ना. मिस्त्री म्हणाले, नको म्हणून सांगितलं होतं. अधिकाऱ्याने वही त्यांच्यापुढे सरकवली. मिस्त्रींनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मग ताईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ताईंना सोसला असता. तिथे नुसता गोंधळ होता, घरात दिवा कुठे लावायचा तेच न आठवणाऱ्या माणसाचा.

"ताईंनी लिहिलंय ना," ते सावकाश म्हणाले. "मग माझीच गफलत असेल. नको म्हणाले ते तालमीच्या दिवशी असेल."

त्यांना काढून टाकलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, सुताराचा हलगर्जीपणा म्हणून. गल्लीतले लोक, जे दाराची कडी बसवायलासुद्धा त्यांना हाक मारत, ते दुसरीकडे जाऊ लागले.

नाटक नव्या नटीला घेऊन पुन्हा सुरू झालं. पाचव्या प्रयोगात, दुपारचा खेळ होता, सहीच्या प्रवेशात दादा अडखळले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी विंगेकडे मान वळवली. वाक्य ताईंच्या बोटाखाली होतं: मी सही केली, तर उद्या माझ्याच नावाला मी कुठल्या तोंडाने ओ देऊ? ताईंनी तोंड उघडलं. कुजबुजसुद्धा फुटेना. दादा बघत राहिले, ताई बघत राहिल्या. ती शांतता इतकी लांबली की प्रेक्षकांना वाटलं, काय जबरदस्त अभिनय आहे, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मध्यंतरात ताईंनी वही मिटली आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या चौकशी अधिकाऱ्याकडे गेल्या, सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. अधिकारी सभ्य होता. त्याने दादांना बोलावून विचारलं. दादा म्हणाले की ताई थकल्या आहेत, मुलीच्या अपघाताने हाय खाल्ली आहे, परवा तर प्रयोगात वाक्यसुद्धा देता आलं नाही. फाईल बंद झालेली होती, ती बंदच राहिली. ताईंच्या जागी दुसरी बाई आली. आणि कंपनीत बोललं जाऊ लागलं की ताईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, बिचाऱ्या.

मग त्या मिस्त्रींच्या घरी गेल्या. इथे आधी यायला हवं होतं, हे त्यांना माहीत होतं, पण पाय उचलत नव्हता. मिस्त्री खाटेच्या कडेला बसले होते. त्यांच्या बायकोने सांगितलं की हल्ली हत्यारांना हात लावत नाहीत. गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का, तीनतीनदा उठून बघतात. स्वतःवरचा भरवसाच गेलाय.

ताईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. "मिस्त्री, मी खोटं लिहिलं. तुम्ही विसरला नव्हतात. मी खोडलं आणि खोटं लिहिलं."

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग अगदी मायेने म्हणाले, "ताई, माझं मन राखायला बोलताय. तुम्ही खोटं लिहिणाऱ्यातल्या नाही. सगळ्यांना माहीत आहे."

ताई पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. ते नाही म्हणून मान हलवत राहिले.

बायको दारापर्यंत आली. तिला पटलं होतं. तिने आवाज चढवला नाही. "तुम्ही एकदा लिहिलंत, त्याचं हे झालं. आता रोज येऊन सांगा. त्यांना पटेपर्यंत."

ताई रोज जाऊ लागल्या. दुपारी जायचं, समोर बसायचं, तेच सांगायचं. मिस्त्री कधी ऐकत, कधी भिंतीकडे तोंड करून पडत. असे आठ महिने गेले. एके दिवशी त्यांनी अचानक विचारलं की त्या वेळी मी दांडा कुठल्या हातात धरला होता. ताई म्हणाल्या, डाव्या. उजव्या हातात हातोडी होती, आणि दादा बोलले तेव्हा तुम्ही हातोडी कमरेला खोचलीत.

मिस्त्री आपल्या हातांकडे बघत बसले. त्यांना आठवत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे मला कळत होतं," ते म्हणाले. "कळत असून मी दांडा परत नेला. कुणी सांगितलं म्हणून काय झालं? जिना माझा होता."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. मिस्त्री उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि जिन्यावरून पडलेल्या त्या मुलीचं घर कुठे आहे, असं विचारलं. ताईंनी चपला घातल्या. दोघं रस्त्याला लागले.