पहिल्या तासाची संत्री

गुरुवारी सकाळी मी रिक्षावाल्याला फोन लावत होते, तेवढ्यात आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "आज मी येत नाही."

डायलिसिसला जायचं ते मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, सकाळच्या पाळीला. दोन वर्षं हेच चाललंय. किडन्या ह्यांच्या गेल्या हे खरं, पण कंबरडं माझंही मोडलंय. ते कुठल्या रिपोर्टात येत नाही.

"बरं वाटत नाहीये का?" मी विचारलं.

"बरं आहे. कंटाळा आलाय."

"मग शनिवारी?"

"शनिवारीही नको. आता पुरे, मंजुषा. सगळ्यालाच नाही म्हणायचं आणि वर जगायचं, हे कशासाठी?"

"राखीला फोन लावू?" राखी आमची मुलगी, पुण्याला असते.

"लाव. तिलाही हेच सांगेन."

हे असं बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये ह्यांची सगळी नोकरी गेली. नियम म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. डॉक्टर म्हणाले पाणी मोजून प्या, तर ह्यांनी बाटलीवर पेनाने रेघा मारल्या. मीठ बंद म्हटलं की बंद. संत्र्या-मोसंबीतलं पोटॅशियम हृदयाला घातक, हे कळलं त्या दिवसापासून घरात संत्रं आलं नाही. ह्यांनी सोडली म्हणून मीही सोडली. समोर माणूस बसलेला असताना एकटीच्या घशाखाली कशी उतरणार?

पूर्वी थंडीत रविवारी आमची गच्चीत 'परात' असायची. उन्हाला पाठ करून बसायचं आणि परातीत संत्री, मोसंबी आणि पपनस सोलायचं. पपनस बाजारात येतं गणपतीच्या दिवसांत. तेव्हा एखादं घेऊन हे ते थंडीपर्यंत कपाटावर जपून ठेवायचे. साल सुरकुतली की आत गोड होतं, म्हणायचे. सोलायचं काम ह्यांचं. पांढरा भाग, पापुद्रा, बिया सगळं काढून गर मोकळा करायचे, मग मी वरून मिरपूड आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायची. राखी त्याला सॅलड म्हणायची. म्हणू दे, आमची परातच.

तर गुरुवारी हे शाल गुंडाळून भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि मी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. खरं सांगते, 'पुरे' ऐकल्यावर क्षणभर मलाही हायसं वाटलं. पुढच्याच क्षणी त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

मग मला राग आला. पिशवी घेतली, खाली गेले आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून संत्री-मोसंबी घेऊन आले. घासाघीसही केली नाही. हे सगळंच सोडणार असतील तर मी तरी नियम कुणासाठी पाळू?

जमिनीवर परात घेऊन बसले. थंडीने बोटांना भेगा पडल्यात, त्यात रस गेला की झोंबत होतं. पण पहिल्या सालीबरोबर जो वास सुटला, तो थेट गच्चीवरच्या रविवारांचा. सोलत राहिले, पापुद्रे काढत राहिले. वास काही माझ्या ताब्यात नव्हता, तो बाहेरच्या खोलीत गेला.

हे दारात येऊन उभे राहिले. "काय करतेस?"

"परात."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. तुम्ही सोडलं ना सगळं? मग मीही सोडलं."

स्टूल ओढून बसले, परातीकडे बघत. मग हात पुढे केला. "एक फोड दे."

दोन वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. द्यावीशी फार वाटली. पण मंगळवारच्या डायलिसिसनंतरचं सगळं पोटॅशियम अंगात साठलेलं, त्यात संत्रं कसं देऊ? मी परात मागे ओढली.

"इथे नाही. मशीनवर, पहिल्या तासात."

आमच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये पहिल्या तासाला डबे उघडतात. पुढचे तीन तास मशीन रक्त धूत असतं, म्हणून ज्याला डॉक्टर परवानगी देतात तो मनातलं थोडंसं खाऊन घेतो. ह्यांनाही दोन फोडींची मुभा कधीच मिळाली होती. पण हे म्हणायचे, मुभा म्हणजे पळवाट.

"दोनच ना?" ह्यांनी विचारलं.

"दोनच."

परातीकडे पुन्हा बघितलं. "रिक्षा बोलाव. आणि त्या मोसंबीला पापुद्रा राहिलाय."

मी छोटे दोन डबे भरले, एक ह्यांचा आणि एक माझा. ह्यांच्या डब्यात एक फोड संत्र्याची, एक मोसंबीची.

हॉलमध्ये उशीर झाल्याबद्दल हर्षलची बोलणी खाल्ली. हर्षल तिथला टेक्निशियन, पोरगा चांगला आहे, पण वेळेचा पक्का. सुया लागल्या, मशीन सुरू झालं. शेजारच्या खाटेवर विंचूरचे पुंजाराम अर्धा पेरू घेऊन बसलेले. आमचा डबा बघून ते ओरडलेच.

"आरं तिच्या! साहेबांनी डबा आणला! दोन वर्सं माझ्या पेरूकडं पाठ करून झोपत होते, वहिनी. आज लय भारी काम झालं."

ह्यांनी संत्र्याची फोड जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. चावलीच नाही कितीतरी वेळ. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना, मी मशीनवरच्या आकड्यांकडे बघत बसले. मग मोसंबीची फोड खाल्ली.

"मिरपूड कमी पडली," म्हणाले.

रडू यायच्या बेतात होतं, ते रागाने आत गेलं. "एवढं केलं, त्यात आणखी खोड काढा."

"पपनस नाही आणलंस?"

"जानेवारीत कुठलं पपनस? ते गणपतीत येतं, विसरलात?"

"नाही विसरलो." मोकळ्या हाताने त्यांनी रिकामा डबा बंद केला, नीट, झाकणाचा आवाज येईपर्यंत. "गणपतीत एक घेऊन ठेव कपाटावर. थंडी पडली की मी सोलतो."

"बरं," मी म्हटलं, आणि माझा डबा उघडला.