डोलिवेची आठ मिनिटं

एकतीस वर्षं मी कातेतेच्या कापूस गोदामात स्टोअरकीपर होतो. आत किती आलं, बाहेर किती गेलं, उंदरांनी किती खाल्लं, सगळं वहीत. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं काही उरलं नाही. एकट्या माणसाच्या घरात आत-बाहेर असं फार होत नाही. मग माझी मुलगी डोलिवे शाळेतली नोकरी सुटून माघारी आली, आणि तिचं रेकॉर्डिंग लुसाकाहून दुसऱ्यांदा परत आलं, तेव्हा मी कोरी वही काढली, रेघा मारल्या आणि वस्तीतले आवाज लिहायला बसलो.

काम असं होतं. लुसाकाच्या एका ऑफिसला शेतकऱ्यांसाठी सल्ले हवे होते. मका कसा वाळवायचा, कणगीत कीड लागली तर काय करायचं. शेतकऱ्याने नंबर फिरवायचा आणि आपल्या न्यांजा बोलीत बाईचा आवाज ऐकायचा. बाईने तो आवाज घरीच, स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा. नमुना आठ मिनिटांचा, मध्ये कुठेही न तोडता. काम वर्षाचं. मिळालं तर डोलिवे इथे राहणार. नाही मिळालं तर शनिवारच्या बसने न्डोलाला, मावसबहिणीच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात उभी राहायला. बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्या बॅगेबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो. मी तिला ओलांडून जात होतो, एवढंच.

पहिल्या वेळी ऑफिसने कळवलं, "खोली घुमते." दुसऱ्या वेळी कळवलं, "मागे कोंबडा आणि यंत्र ऐकू येतं. आवाज चांगला आहे. शेवटची संधी, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत."

माझी वही म्हणत होती: शेजारच्या अमाके लॅक्सनचा, म्हणजे लॅक्सनच्या आईचा, कोंबडा, सकाळी नऊ ते बारा, अठ्ठावीस वेळा. कामांगाची पीठगिरणी, वीज असेपर्यंत अखंड. वीज गेली की न्हाव्याचा जनरेटर, तोही अखंड. म्हणजे वीज असो वा नसो, खातं बुडीतच. चर्चच्या बायकांची गाण्याची तालीम, दुपारी दोन ते चार. आणि वाटेने जाताना "घरात कोण आहे?" असं विचारून ख्यालीखुशाली घेणारे, दिवसाला त्रेचाळीस. त्यांना उत्तर न देणं आमच्याकडे बसत नाही. उत्तर न देणारा एक तर आजारी असतो, नाही तर माजलेला.

डोलिवेने बुधवारपासून बोलणंच बंद केलं. घसा राखून ठेवायचा म्हणून. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची आणि मान हलवायची. अमाके लॅक्सनने कुंपणावरून दोनदा हाक मारली, "डोलिवे, अगं जिवंत आहेस ना?" डोलिवेने घशावर हात ठेवून दाखवला आणि आत गेली.

शुक्रवारी आम्ही सकाळीच कामाला लागलो. ऑफिसच्या कागदावर सूचना होत्या, त्यात डोलिवेने स्वतःच्या चार घातल्या होत्या. फ्रिज घुरघुरतो, बाहेर. शोकेसमधल्या बशा किणकिणतात, बाहेर. सोफा, खुर्च्या कुरकुरतात, बाहेर. तिची बॅगही त्यात बाहेर गेली. सगळं आंब्याखाली मांडलं. माझी पाठ नऊ वाजताच दिवसभराची थकली. खिडक्यांवर ब्लँकेटं ठोकली, भिंतीला गादी उभी केली. फोनच्या खालच्या बारीक भोकात पीठ बसलं होतं, ते तिने कोरड्या दात घासायच्या ब्रशने हलकेच झाडलं. त्या टोकावर माझा धुतलेला मोजा चढवला, कारण "प" आणि "ब" म्हणताना फोनवर फुंकर बसते. फोन मेजावर ठेवायचा नाही, मेज थरथरतं. घडी घातलेल्या कापडावर, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला. शेजारणीच्या कानात बोलावं तसा, तोंडावर बोलावं तसा नाही. मध्येच कोणाचा फोन येऊ नये म्हणून विमानाचं चिन्ह दाबायचं. मग टाळी वाजवून बघायची. टाळी खोलीभर फिरली तर वाईट. जागच्या जागी मेली तर चांगली. आमची टाळी मरत नव्हती, पण अर्धमेली होत होती.

"वस्तीचं काय?" डोलिवेने कागदावर लिहून विचारलं.

"मी बघतो," म्हटलं, आणि निघालो.

आता फोनला शांतता कशाला लागते हे वस्तीत घरोघरी समजावत बसायची ताकद माझ्यात नव्हती. चार ठिकाणी गेलो, चारही ठिकाणी एकच वाक्य बोललो. "दुपारी अडीचपासून तासभर शांतता हवी होती. आमच्या डोलिवेसाठी."

काय सांगू, माणसं किती भली! कामांगाने डोक्यावरची टोपी काढली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काही न विचारता गिरणीचा खटका खाली ओढला. न्हाव्याने गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून मशीन बंद केलं, वीज गेली तरी जनरेटर लावणार नाही म्हणाला. चर्चमध्ये अंबुया झेलिपा गाणं शिकवत होती. वस्तीतली सगळ्यात थोरली बाई ती, सगळ्यांची अंबुया म्हणजे आजी, मला अजून पोरगाच समजते. तिने हात वर करून बायकांना गप्प केलं आणि माझ्याकडे बघत राहिली. अमाके लॅक्सनने कोंबडा टोपलीखाली कोंबला. "पीठ लागेल ना तुम्हाला?" तिने विचारलं. मी म्हटलं, "असू दे." मनात म्हटलं, उगाच या लोकांचा एवढा हिशेब ठेवला.

पावणेतीनला डोलिवेने ब्लँकेट डोक्यावरून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. मी दाराबाहेर वही घेऊन बसलो. अशी शांतता मी वस्तीत कधी ऐकली नव्हती. पाच मिनिटं, लिहायला काही नाही. सहा मिनिटं, काही नाही. सातव्या मिनिटाला रस्त्याच्या वळणावरून एक हंबरडा आला.

"अगं डोलिवे! अगं माझ्या लेकी!"

बघतो तर चाळीसेक बायका, कंबरेला चितेंग्याची कापडं गच्च बांधलेली, डोक्यावर पिठाच्या बादल्या, लाकडाच्या मोळ्या. मागे पुरुष, टोप्या हातात. तेव्हा कुठे मी आंब्याखाली मांडलेल्या माझ्या सोफ्याकडे पाहिलं. आमच्याकडे घरातलं सामान बाहेर एकाच कारणाने काढतात. रडायला येणाऱ्यांना जमिनीवर बसायला जागा व्हावी म्हणून. एकतीस वर्षं सामान आत-बाहेर करणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये!

एवढ्यात डोलिवे दारात आली. डोक्यावर अजून ब्लँकेट. पुढच्या चार बायका किंचाळून मागच्यांवर कोसळल्या. एक मोळी माझ्या पायावर पडली.

"साकाला," अंबुया झेलिपा म्हणाली. "मेलं कोण?"

"कोणी नाही, अंबुया."

"मग खुर्च्या बाहेर कशाला मेल्यात?"

"कुरकुरतात. फोनला ऐकू येतं."

"फोनला ऐकू येतं. आणि तुला चाळीस बायका रडत येतात ते ऐकू आलं नाही?"

कामांगा पुढे झाला. "बांबो साकाला, माझ्या दाराशी अठरा बादल्या मका रांगेत होता! अठरा जणींना म्हटलं, घरी जा, साकालांची पोर गेली."

"मी असं म्हणालो होतो?"

"शांतता हवी, डोलिवेसाठी, म्हणालात. तेही असा चेहरा पाडून."

"माझा चेहरा असाच आहे."

"हो, ते आत्ता कळतंय."

"दोन दिवस आवाज नाही पोरीचा," अमाके लॅक्सन म्हणाली. "मी घशावर हात बघितला की तिचा! मी रात्रभर झोपले नाही." आणि ती खरंच रडायला लागली, आता मात्र रागाने.

डोलिवे पायरीवर बसली. तीन वाजून गेले होते. फाइल मोठी, जायला अर्धा तास तरी हवा. तीन दिवस राखलेला आवाज तिने तिथे पहिल्यांदा बोलण्यात खर्च केला. "आठ मिनिटं होती फक्त," ती मला म्हणाली. "सात झाली होती. जाऊ दे, अताते. उद्याची बस आहेच."

ते "जाऊ दे" ती इतकं दमून म्हणाली की बायकांचा गलका आपोआप थांबला. अंबुया झेलिपाने बॅगेकडे पाहिलं, मग डोलिवेकडे.

"आम्ही घरी गेलो, आणि तू परत वाचलंस, तर?"

"गिरणी सुरू होईल. कोंबडा सुटेल. तुमचं गाणं सुरू होईल."

म्हातारी सावकाश वळली आणि एकेकाकडे बघत गेली. गिरणीवाला. न्हावी, आणि अर्ध्या दाढीचं त्याचं गिऱ्हाईक. कोंबड्याची मालकीण. चर्चच्या सगळ्या बायका. माझ्या वहीतलं पान न् पान अंगणात उभं होतं.

"म्हणजे सगळा गोंगाट इथेच आहे," ती म्हणाली. "चला आत. रडत आलेली बाई न बसता परत गेली तर रडणं तिच्याच घरी जातं, माझी आई म्हणायची. पुरुषांनो, तुम्ही त्या सोफ्यावर बसा. आणि खोकलात तर बघा."

बायका आत शिरल्या, खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा. चितेंगे, शाली, पाठीवरची दोन तान्ही झोपलेली पोरं. डोलिवेला बसायला चटईएवढीच जागा उरली. तिने तपासायला एक टाळी वाजवली. बायकांनी, मानाने कोणी टाळी दिली की देतात तशी, चाळीसच्या चाळीस जणींनी उलट टाळी दिली.

"नाही हो अंबुया, ही नमस्काराची नाही!"

"मग कसली? टाळी म्हणजे टाळी."

पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग सगळ्या हसल्या. हसून संपल्यावर तिने पुन्हा एक टाळी वाजवली, आणि ती तिच्या तळव्यांतच मेली. मी दारात उभा होतो. तो आवाज मला ओळखीचा होता. छतापर्यंत कापसाने भरलेल्या गोदामात टाळी अशीच मरते. एकतीस वर्षं ऐकत आलो, आणि आठवायला चाळीस बायका लागल्या.

तिने वाचलं. आधी ती गादीला वाचून दाखवत होती. आता समोर अमाके लॅक्सन होती, नाक पुसत. "कणगी भरण्याआधी आतून नीट झाडून घ्या," डोलिवे म्हणाली, आणि ते अगदी अमाके लॅक्सनलाच म्हटल्यासारखं झालं, कारण तिची कणगी कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यात कोणी बोललं की ऐकणाऱ्याने मधूनमधून "एए" म्हणायचं असतं, नाही तर बोलणाऱ्याचा अपमान. अंबुया झेलिपाचं तोंड तीनदा उघडलं. तीनही वेळा शेजारणीने त्यावर हात ठेवला. चौथ्यांदा म्हातारीने स्वतःच ठेवला.

आठ मिनिटं. मग कागदावरची शेवटची सूचना होती: अर्धं मिनिट कोणीही काही बोलायचं नाही, नुसती खोली रेकॉर्ड करायची. मी पेन्सिल घेऊन उभा होतो. अर्धं मिनिट चाळीस बायका माझ्या मुलीकडे बघत बसल्या, ती मेली नाही म्हणून. वहीत मी नुसती वेळ टाकली.

फाइल पाचाला दहा मिनिटं कमी असताना गेली. आता न जेवता उठायचं नाही म्हणून अंबुया झेलिपा हटून बसली. पीठ होतं, लाकडं होती. कालवणाला तिने अमाके लॅक्सनचा कोंबडा मागितला.

"माझा का? मेलं असतं तर यांच्या घरी!"

"कोणीच मेलं नाही, म्हणूनच. एवढी माणसं जमल्यावर कोणीतरी मरायला हवं."

मी वही उघडली आणि कोंबड्याच्या रकान्यात लिहिलं: बाहेर, एक.

सहाच्या सुमाराला ऑफिसचा निरोप आला. डोलिवेने मोठ्याने वाचला. "आवाज उत्तम. निवड झाली. खोली फार चांगली लागली आहे. आवाजात फरक पडू नये म्हणून पुढचे सगळे भाग याच खोलीत, याच मांडणीत करावेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी."

बायकांनी जीभ नाचवून आनंदाचा असा गजर केला की पाठीवरची दोन्ही पोरं जागी झाली. तो ओसरल्यावर अंबुया झेलिपाने बोटं पुसली.

"मांडणी म्हणजे काय गं?"

डोलिवेने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"मांडणी म्हणजे तुम्ही, अंबुया."

"आठवड्यातून दोनदा!" न्हावी म्हणाला, तेव्हा अंबुया झेलिपाने मोठा उसासा टाकला. "मंगळवारी माझ्या शेंगा फोडायच्यात. इथे आणून फोडल्या तर?"

"वाजतील."

"मग भिजवून आणते." कोणालाच ते पटलं नाही, पण ती येणार हे कळलं.

अंधार पडायच्या आत मी सामान आत घ्यायला लागलो. वर्षाचे आठवडे बावन्न. फ्रिज एकशे चार वेळा बाहेर, एकशे चार वेळा आत, आणि पाठ एकच. शोकेस आणली, खुर्च्या आणल्या. बॅग आणली ती दाराशी न ठेवता आतल्या खोलीत, पलंगाखाली सरकवली. डोलिवेने ते पाहिलं.

सोफ्यावर कामांगा अजून बसला होता, टोपी डोक्यावर, पोट भरलेलं. "उठू का, बांबो साकाला? हा पण आत घ्यायचाय ना?"

"बस रे," मी म्हटलं, आणि त्याच्या शेजारी बसलो. "मंगळवारी परत काढायचाच आहे."