दुपारची खुर्ची

माझ्या वडिलांना, अण्णांना, इथं आणून अडीच महिने झाले तरी त्यांचा खोकला काही हटेना. मी डॉक्टरांना दोष दिला, थंडीला दिला, शेवटी अण्णांनाच दिला. पस्तीस वर्षं वीटभट्टीवर काढलेली त्यांची छाती. तिला चांगली हवा मिळावी म्हणून मी हट्टाने त्यांना या डोंगरावर, माझ्या नोकरीच्या जागी आणलं होतं. दादा नको म्हणत होता. त्याला मी तोंडावर सांगितलं, इथली हवा मी रोज डोळ्यांनी बघते.

बघतेच. वेधशाळेच्या छपरावर एक पंप आहे. तो रात्रभर हवा ओढतो आणि तिच्यातली धूळ, काजळी एका गोल कागदावर अडकते. सकाळी सहाला मी तो कागद काढते, नवा घालते. आठ वर्षांत तो बहुतेक कोराच निघाला. कधीमधी कुठल्या तरी दूरच्या वाळवंटाची पिवळसर धूळ, बस्स.

आज मात्र तो निघाला चहा सांडल्यासारखा तपकिरी. माझं डोकंच फिरलं. तशीच तरातरा खाली आमच्या खोलीवर गेले.

"अण्णा, चोरून बिडी ओढता ना?"

"काहीतरीच काय! सोडून सहा वर्षं झाली."

मी उशीखाली पाहिलं, कोटाचे खिसे उलटे केले. काहीच सापडलं नाही, तेव्हा परत छपरावर जाऊन पंप उघडला. काल पहाटे वीज गेली होती. ती परत आल्यावर पंपाचं घड्याळ बारा तासांनी चुकलं होतं. पंप रात्री बंद होता आणि दिवसभर चालला होता.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पंपाशेजारच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'दिवसा पंप लावू नये. ऊन तापलं की दरीतली हवा खालचा धूर घेऊन वर चढते.' साहेबांना फार दुरून, उंचावरून येणारी हवा मोजायची असते, म्हणून रात्रीची घ्यायची. नव्या माणसाकडून हे मी घोकून घेते. आणि अण्णांची खुर्ची? रोज दोन ते पाच, उन्हात, दरीकडे तोंड करून. मीच ठेवायचे. वर म्हणायचे, खा पोटभर हवा!

सकाळभर माझा पाय एका जागी ठरला नाही. दोनदा सांगायला गेले, दोनदा पाणी पिऊन परत आले. दोन वाजता पाहते तर खुर्ची त्यांनीच बाहेर नेलेली, कानाला फोन. पलीकडे त्यांचा भट्टीवरचा जोडीदार, ज्याला सगळे काडी म्हणतात. तो अजून कामावर होता आणि त्यालाही हल्ली दम लागायचा.

"अरे, उद्याच्या गाडीनं निघच तू! हवा बघशील तर—"

"अण्णा, आत चला."

"ऊन छान पडलंय की."

"चला म्हणते ना!"

माझा आवाज ऐकून ते उठले. मी दार लावलं, कागद त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं, बोट खिडकीशी धरून पाहिलं.

"कोळशाची काजळी," ते म्हणाले. "भट्टीवर रोज नाकातून हीच निघायची."

"माझं चुकलं हो अण्णा." मला रडू आवरेना.

"तू कशाला रडतेस? खोकला मला आहे." मग त्यांनाच उबळ आली. ती ओसरेपर्यंत मी त्यांची पाठ चोळत उभी राहिले. फोन अजून चालूच होता, काडी हॅलो हॅलो करत होता.

अण्णांनी तो कानाला लावला. "हां, ऐकतोय. ये तू. पहाटे उठून बाहेर बसायचं आणि दुपारी दार लावून आत, एवढं जमव म्हणजे झालं." मग बोटाची काजळी पुसत म्हणाले, "आणि घाई करू नकोस. आपली भट्टी तुझ्या आधीच पोचलीय."