मला शांतीलालने लिहिलेलं नाही

मित्रांनो, बेचाळीस पानांचा आणि दोन गंजक्या पिनांचा मी एक म्हातारा अहवाल आहे. मला शांतीलालने लिहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला राग येणार आहे.

माझा जन्म तोरणमाळच्या झिरपाड्यावर झाला. पंधरा वर्षांपूर्वी तिथल्या अकरा बायकांनी उन्हाळाभर झऱ्यावर पाळी लावली. हंडा भरला की मोहाची एक बी डब्यात टाकायची आणि संध्याकाळी बिया मोजायच्या. मे महिन्यात दिवसाला एकोणीस बिया भरल्या. पाड्यात घरं चौतीस. माझा मजकूर एवढाच. बाकीची पानं पुरावा.

शहाद्याच्या छापखान्यात मालक शांतीलालभाईने विचारलं, "लेखिका कोण टाकू? एक नाव सांगा."

अकराजणींतली नानीबाई म्हणाली, "एकीचं टाकलं तर बाकी दहाजणी काय शेळ्या मोजत होत्या? मंडळाचं टाक."

म्हणून माझ्या कपाळावर छापलं गेलं, 'झिरपाडा महिला पाणी मंडळ'. शांतीलालने मात्र शेवटच्या पानावर 'मुद्रक : शांतीलाल' हे मंडळापेक्षा मोठ्या टाइपात घेतलं. मला तेव्हाच खटकलं होतं. पण नवजात अहवालाला कोण विचारतो?

पुढे मी खूप कार्यालयं पाहिली. एका साहेबांनी मला 'उत्कृष्ट' म्हटलं आणि माझ्यावर चहाचा कप ठेवला. सतराव्या पानावर त्याचं वर्तुळ उमटलं. नंतरच्या साहेबांनी तो झऱ्याचा नकाशा समजून त्याचीही स्तुती केली. मग मला मंडळाच्या पत्र्याच्या पेटीत टाकलं ते टाकलंच.

यंदा रुचिका आली. शहाद्याची, पीएच.डी. करणारी. तिने माझी पानंच्या पानं वापरली आणि प्रबंधात मंडळाचं नाव नीट दिलं. मला वाटलं, चला, पांग फिटले. पण तिचे मार्गदर्शक हेमकांत सर संदर्भसूची पाहून भडकले.

"मंडळ कधी लिहितं का? मंडळाला हात असतात? माणूस दाखव मला, माणूस!"

"सर, पण त्या बायकांनीच..."

"प्रबंध या शुक्रवारी द्यायचाय, की पुढच्या वर्षीच्या?"

रुचिकाने मला पालथं केलं आणि शेवटच्या पानावरचा एकुलता एक माणूस उचलला. 'शांतीलाल (२०११)'. सत्तेचाळीस ठिकाणी. तिला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. सत्तेचाळीस वेळा ठाऊक होतं.

पाण्याची टाकी कुठे बांधायची हे ठरवणाऱ्या समितीच्या हाती तो प्रबंध पडला. समितीने तज्ज्ञ म्हणून त्यात सत्तेचाळीस वेळा आलेल्या लेखकाला नंदुरबारला बोलावलं. शांतीलाल गेला, कडक इस्त्रीचा सफारी घालून. घाटाच्या तिसऱ्याच वळणावर ज्याला उलटी होते, तो माणूस तोरणमाळच्या पाण्यावर पाऊण तास बोलला. एकदा तो तिथल्या तलावाकाठी सहलीला गेला होता, त्या आधारावर त्याने सांगितलं, "वर पानी भरपूर शे." झिरपाडा टाकीच्या यादीतून उडाला. सोमवारी यादी कायम होणार होती.

'लेखक शांतीलाल यांच्या सल्ल्यावरून' असं समितीचं पत्र पाड्यावर आलं, तशी शनिवारी नानीबाई मला पिशवीत घालून छापखान्यात उतरली. रुचिकालाही तिने तिथेच बोलावून घेतलं.

"काय रे शांतीलाल, हा तू लिहिला? मग बारावं पान सांग. काय आहे त्यात?"

"माय, मी तं फक्त छापं," शांतीलाल म्हणाला. "मन्हं नाव या पोरीनी टाकं. मी कसाले नही म्हनू? जनममा पहिलांदा माले कोनी लेखक म्हनं."

"सरांनी सांगितलं होतं," रुचिका पुटपुटली.

"तुझ्या सरांनी हंडा उचलला का?"

"नाही."

"मग आता आमच्या पोरींनी पाण्याला कुठे जायचं? तुझ्या सूचीत?"

"खरं लिहून दिलं तर माझी पदवी अडकेल, नानीबाई."

"अडकू दे. पदवी काय कोरडी पडत नाही."

रुचिकाने शांतीलालकडूनच शुद्धिपत्र छापून घेतलं. सत्तेचाळीसही ठिकाणी लेखक, झिरपाडा महिला पाणी मंडळ. एक प्रत विद्यापीठाला, एक समितीला. सरांचा फोन आला तेव्हा तो दुकानभर ऐकू गेला. तिने तो कानाला लावलासुद्धा नव्हता.

सोमवारी समितीने लेखकासाठी एक खुर्ची मांडली. आल्या नऊजणी.

"लेखक कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"आम्ही."

"कोणीतरी एकीने बसा."

कोणी बसेना. शेवटी कमलीबाईने मलाच खुर्चीवर ठेवलं. "हा बसला. विचारा."

अध्यक्षांनी घसा साफ करून खुर्चीला विचारलं, "मे महिन्यात रोज किती हंडे?"

"एकोणीस!" नऊजणी एकदम ओरडल्या.

अध्यक्ष खुर्चीलाच "धन्यवाद" म्हणाले. झिरपाडा यादीत परत आला. रुचिकाची पदवी अजून आलेली नाही. हेमकांत सर अजूनही मंडळाचे हात शोधत आहेत.

मित्रांनो, संस्थेने लिहिलेलं वापरलंत तर नाव संस्थेचंच लिहा. पहिल्या खेपेला पूर्ण लिहा, कितीही लांब वाटलं तरी. माणूस सापडत नाही म्हणून मिळेल तो धरून आणू नका.

त्या अकराजणींतल्या दोघी आज हयात नाहीत. माझ्या बेचाळीस पानांत त्यांचं नाव कुठेच नाही. त्या फक्त 'मंडळ' या एका शब्दात आहेत. तो खोडण्याआधी जरा हात आवरा.